घासू नये अशी वस्तू

आमच्या उदगीरच्या घरात स्वच्छतेची कसोटी एकच होती. ती म्हणजे चकाकी. दिवाळी चार दिवसांवर आली की तांब्याचे हंडे, पितळेची घंगाळे आणि देवघरातली समई अंगणात येऊन बसत, आणि चिंच व राख यांच्या साह्याने त्यांचे वर्षभराचे पाप धुऊन निघे. भांड्यात तोंड दिसले पाहिजे, हे आईचे या बाबतीतले सूत्र होते. या सूत्राला सबंध घरात एकच अपवाद होता, आणि तो अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मेजावर असे.

तो अपवाद म्हणजे बिदरीचा एक लहानसा डबा. अंग काळेभोर, आणि त्यावर चांदीच्या तारेची एक नाजूक वेल. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होता. अण्णांचे शालेय शिक्षण बीदरला, उर्दूतून झाले. तेथील एका वर्गमित्राने त्यांना हा डबा दिला होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्या धामधुमीत मित्राच्या कुटुंबाने गाव सोडले, आणि पुढे त्याचे पत्र कधी आले नाही. अण्णा याविषयी याहून अधिक बोलत नसत. मात्र दर रविवारी सकाळी ते जुन्या मलमलीचा एक तुकडा घेत, त्यावर खोबरेलाचा एक थेंब टाकीत आणि तो डबा हलक्या हाताने पुशीत. आम्हा मुलांना त्याला हात लावायचा झाल्यास आधी हात धुऊन कोरडे करावे लागत.

मी पदवीधर होऊन घरी आलो त्या वर्षीची गोष्ट. इंग्रजी साहित्य वाचलेल्या माणसाला जगातील बहुतेक गोष्टी कळतात, अशी त्या वयात माझी प्रामाणिक समजूत होती. अण्णा परगावी गेले होते. दिवाळीची भांडी निघालीच आहेत, तर त्यांचा तो काळवंडलेला डबाही लख्ख करून ठेवावा, म्हणजे त्यांना आनंद होईल, असा सद्विचार माझ्या मनात आला. मी चिंच घेतली, राख घेतली आणि झाकण घासू लागलो. हाताला काळे लागू लागले. मळ निघतो आहे म्हणून मला अधिकच हुरूप आला. पंधरा-वीस मिनिटांनी पाहतो, तो झाकणाची एक बाजू शिशासारखी करडी पडलेली, आणि त्या करड्या रंगात चांदीची वेल दिसेनाशी झालेली.

अण्णा परत आले. त्यांनी झाकण हातात घेतले, खिडकीशी नेऊन पाहिले आणि पुन्हा मेजावर ठेवले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर फार बरे झाले असते.

पुढे काही दिवसांनी मी एकटाच बीदरला गेलो आणि एका वृद्ध कारागिराच्या दुकानात बसून मी काय करून बसलो होतो ते समजून घेतले. बिदरीची धातू म्हणजे बव्हंशी जस्त. साधारणतः सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. ओतीव वस्तू कानशीने घासून गुळगुळीत केली, की तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे नक्षी रेखता येते. मग छिन्नीने चर कोरून त्यांत चांदीची तार ठोकून बसवतात. सरतेशेवटी वस्तू मंद तापवून तिला बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचा लेप देतात. ऊनपावसापासून दूर राहिलेली ती क्षारयुक्त माती चांगली की वाईट, हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. या लेपाने धातू काळी पडते. चांदी मात्र शुभ्रच राहते. सगळी जादू त्या थोड्याशा तांब्याची आहे. निव्वळ जस्ताला असा काळा रंग चढत नाही.

मी जो मळ समजून काढला, तो असा कारागिराच्या हातचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक थर होता. शिवाय जस्त मोठे विचित्र आहे. ते आम्लातही विरघळते आणि क्षारातही. चिंचेतले आम्ल आणि राखेतला क्षार, असे दोन्ही शत्रू मी त्याच्यावर एकदम सोडले होते.

म्हातारबुवांनी मला चार नियम सांगितले, आणि ते आजही खरे आहेत. बिदरीला चिंच, लिंबू, राख, सोडा आणि बाजारातील घासणाऱ्या भुकट्या वर्ज्य. धूळ मऊ, कोरड्या कापडाने टिपावी. क्वचित तेलाचा एखादा थेंब फिरवावा, आणि उरलेले तेल पुसून घ्यावे. वस्तू कोरड्या जागी ठेवावी. ओल लागल्यास जस्तावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते. चांदी मंदावली तरी झटून घासू नये. चांदी उजळण्याच्या नादात भोवतीचा काळा रंग जातो, आणि तो गेला की चांदीही जाते.

झाकण पुन्हा काळे करता येईल काय, असे मी विचारले. ते म्हणाले, येईल. पण आधी ते सबंध घासून काढावे लागेल, आणि इतकी पातळ तार त्यात किती टिकेल, हे सांगवत नाही. मी घरी येऊन अण्णांना हे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "राहू दे तसेच." त्या रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे मलमल घेतली. काळ्या भागावरून त्यांचा हात जितक्या हळुवारपणे फिरला, तितक्याच हळुवारपणे त्या करड्या डागावरूनही फिरला.

तो डबा आता नांदेडला माझ्या मेजावर आहे. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. तेथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचली तेव्हा अण्णा हयात नव्हते. आमच्या प्रांताच्या आणि घराच्याही पूर्वायुष्यात अशा काही काळ्या जागा आहेत, की ज्या उजळून टाकाव्यात असे तरुणपणी वाटते. मला आता तसे वाटत नाही. त्या जागा पुसून, सांभाळून ठेवाव्यात; त्यांच्याच आधाराने त्या वेलीसारखे जे काही चांगले आहे, ते दिसते.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने मेज आवरताना तो डबा उचलला आणि झाकणावरचा करडा डाग पाहून विचारले, "बाबा, हा घासून काढू का?"

मी म्हटले, "आधी हात धुऊन ये. कोरडे करून ये. मग सांगतो."