मलावीचं निळं सरोवर

मैत्रिणींनो, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरापाशी गेलात, तर पाण्यात उतरल्यावाचून राहवणार नाही! केप मॅक्लिअरची वाळू, नितळ पाणी, रंगीबेरंगी मासे... पण तिथल्या गोगलगाईंतून निघणारे सूक्ष्म कृमी कातडीतून अंगात शिरतात आणि मूत्राशयाभोवतीच्या शिरांत ठाण मांडतात. १८५१ साली कैरोत डॉ. बिल्हार्झ यांना ते सापडले, म्हणून रोगाचं नाव बिल्हार्झिया.

घरी परतल्यावर काही महिन्यांनी लघवीत रक्त दिसलं, तर 'पाळीचं असेल', 'उष्णता झाली असेल' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसू नका. डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा. सकाळी १० ते दुपारी २ मधली लघवी तपासायला द्या. अंडी तेव्हा जास्त सापडतात. निदान झालं, की प्रॅझिक्वान्टेलच्या गोळ्यांनी गुण येतो. लाजून गप्प बसणं मात्र महागात पडतं, बरं का!