यादीबाहेरचे गाणे

दिवाळी आली की व्यापारी वहीपूजन करतात, गृहिणी फराळाचे डबे मोजतात आणि आम्ही मास्तर मंडळी तपासायच्या राहिलेल्या पेपरांचे गठ्ठे मोजतो. वर्ष सरताना हिशेब मांडल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. पैशाअडक्याचा हिशेब समजू शकतो, पण गाण्यांचा? कोणते गाणे पहिले, कोणते दुसरे, हे कशाने मोजायचे? तोळ्याने की गजाने? तरीही एका माणसाने हा अजब हिशेब चाळीसेक वर्षे मांडला आणि साऱ्या देशाने तो कान टवकारून ऐकला. त्या माणसाचे नाव अमीन सायानी.

या हिशेबाच्या मुळाशी एका मराठी माणसाची नापसंती होती, ही त्यातली मौज. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाचे संगीत त्यांना रुचत नसे. सरकारी रेडिओवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. दार लावले म्हणून वारा थोडाच थांबतो? तो समुद्रापलीकडून, रेडिओ सिलोनवरून येऊ लागला. 3 डिसेंबर 1952, बुधवारी, ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पैसे दातांच्या पेस्टवाल्यांचे, गाणी मुंबईची, ध्वनिमुद्रण मुंबईतच; फीत तेवढी विमानाने कोलंबोला जायची. निवेदक होता विशीही न गाठलेला एक पोरगा. त्याला आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. पुढे 1957 साली सरकारनेच ‘विविध भारती’ काढून ते लावलेले दार पुन्हा उघडले. पण तोवर बुधवारची रात्र कोलंबोच्या नावावर चढली होती ती चढलीच.

डिसेंबरात वर्षभराची यादी जाहीर व्हायची. ती काही सायानींची खासगी आवड नव्हती. तबकड्यांच्या दुकानांत काय खपले, श्रोत्यांच्या पत्रांत काय आले, पुढे पुढे गावोगावच्या श्रोता संघांनी काय कळवले, यावरून क्रम लागे. 1953 साली ‘अनारकली’तले गाणे पहिले, 1955 साली ‘श्री 420’मधले. क्रम लोकांचा, आवाज त्यांचा. आणि तो आवाज कसा? ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणींना आधी मान देणारा, पंडिताला सोपा वाटला तरी हमालाला परका न वाटणारा. ही भाषा त्यांना घरात मिळाली होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ नावाचे पत्र चालवीत. त्यात भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. लिपी मात्र नागरी, उर्दू आणि गुजराती. नुकत्याच वाचू लागलेल्या माणसाला लिपीपायी बाहेर उभे राहावे लागू नये, एवढाच त्यातला हेतू. छापखान्यात आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाने पुढे तेच काम रेडिओवर केले, असे मला वाटते.

आता आमच्या गावाकडे वळते. केळापूर हे मोठे उदार गाव आहे. तालुक्याला नाव दिले स्वतःचे आणि तहसील कचेरी देऊन टाकली पांढरकवड्याला! स्वतःकडे जगदंबा ठेवून घेतली आणि समाधान मानले. माझे वडील पांढरकवड्याच्या एका जिनात दिवाणजी होते. गीतमालेच्या वार्षिक यादीची वेळ म्हणजे नेमका कापसाचा हंगाम. बाहेर बैलगाड्यांची रांग, अंगावर रुईचा भुरका, आणि मालकांच्या ओसरीवरच्या रेडिओत लाटेसारखे जवळ येणारे आणि लांब जाणारे कोलंबो. बाबा दाराशी उभे राहून ऐकत आणि वहीत टिपून घेत.

बाबा अबोल होते. भाजी कशी झाली, या आईच्या प्रश्नाला ‘ठीक आहे’ यापलीकडे उत्तर त्यांनी जन्मात दिले नाही. ते गेले त्यानंतर त्यांच्या ट्रंकेत ती वही सापडली. लाल बासनातली, जिनाच्या हिशेबाची असावी तशीच आखलेली. एका रकान्यात सायानींचा क्रम, शेजारी बाबांचा स्वतःचा. 1963 साली देशाने ‘ताजमहाल’मधले गाणे पहिले ठरवले, बाबांनी ‘बंदिनी’तले. 1964 साली देशाचे ‘संगम’; बाबांचे ‘वह कौन थी’. 1966 साली देश ‘सूरज’वर खूष, तर आमचे दिवाणजी ‘अनुपमा’वर. सबंध वहीत खाडाखोड नाही. ज्या माणसाने घरात कधी ‘मला हे आवडते’ म्हटले नाही, तो दर डिसेंबरात साऱ्या हिंदुस्थानाशी असा मुकाट्याने भांडत होता!

पण मला थांबवले ते तिसऱ्या रकान्याने. त्याचे शीर्षक ‘यादीबाहेर’. बहुतेक वर्षी तो कोरा. कुठे ‘आईचे, जात्यावरचे’, कुठे ‘पाटणबोरीच्या बाजारात आंधळ्याने म्हटलेले तेलुगू’. 1972 साली मात्र गंमत पाहा, नव्हे, गंमत कसली! सायानींच्या यादीत अग्रभागी ‘हरे रामा हरे कृष्णा’तले ते धुंद गाणे. महाराष्ट्रात दुष्काळ. आणि तिसऱ्या रकान्यात बाबांचे टपोरे अक्षर: ‘दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांचे. शब्द नीट ऐकू आले नाहीत.’

मराठी शिकवण्याचा माझा धंदा. शब्द नीट ऐकू आले नाहीत, हे वाक्य मला स्वस्थ बसू देईना. त्या कामावर गेलेल्या दोन-चार म्हाताऱ्या शोधल्या. एकीने देवीचे म्हटले, दुसरीने लग्नातले. तिसरी हसून म्हणाली, “माय, तवा पोटात अन्न नव्हतं, तुले गानं कोठून सांगू?” ते गाणे मला सापडले नाही. आता सापडेल असेही वाटत नाही.

तेव्हा यादीचे सामर्थ्य आणि तिचे लंगडेपण मला एकदमच कळले. जो तबकडी विकत घेईल, जो पोस्टकार्ड लिहील, त्याचीच आवड मोजली जाणार. खडी फोडणारी बाई काय पोस्टकार्ड लिहिणार! यात सायानींचा दोष नाही. आलेली पत्रे त्यांनी मोजली. न आलेले पत्र कोण मोजणार?

हल्ली यादीची तऱ्हा आणखी बदलली आहे. डिसेंबर आला की प्रत्येकाच्या हातातला फोनच त्याला सांगतो, यंदा तू हे गाणे सर्वांत जास्त ऐकलेस. ज्याचा त्याचा पहिला नंबर ज्याच्या त्याच्यापाशी. भांडण नाही, मतभेद नाही, बुधवारची वाट पाहणे नाही. बाबांना देशाशी भांडता तरी येत होते. माझ्या विद्यार्थ्यांनी भांडावे कोणाशी? सायानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी गेले, त्यानंतर मी वर्गात त्यांचे नाव काढले. निम्म्यांना ते ठाऊक नव्हते. मी तक्रार केली नाही. फळ्यावर एकच शब्द लिहिला: ‘यादीबाहेर’. म्हटले, कोणाच्याही फोनमध्ये नसलेले एक गाणे उद्या लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी साठांपैकी अकरा जणांनी आणले. गावच्या मानाने हे पीक बरे म्हणायचे. कोणी आजीची ओवी, कोणी तांड्यावरचे. तास संपल्यावर कोलाम पोडावरची एक मुलगी कोरा कागद घेऊन टेबलाशी उभी राहिली. “मॅडम, आईचं हाय. पन कोलामी हाय. कोन्त्या लिपीत लिवू?”

मला ‘रहबर’ आठवले. म्हटले, “तुला येते त्या लिपीत लिही. घाई करू नकोस. आईला पुन्हा म्हणायला सांग आणि शब्द नीट ऐकून घे.”

आठवड्याने तिने कागद आणला. देवनागरीत, दोन्ही बाजूंनी भरलेला. मला त्यातले एक अक्षर कळले नाही. तो मी बाबांच्या वहीत, तिसऱ्या रकान्यापाशी ठेवला आहे. क्रमांक घातलेला नाही.