मांडीपर्यंत आलेली माती

वळीव कोसळून गेला की कोल्हापूरची काळी माती चपला सोडत नाही. चालणारा माणूस वैतागतो, पाय झटकतो, पुढं जातो. चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं मात्र तिथंच रुततात आणि चार हातांवरची बाग परगावची होते.

याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. उचगावचं ‘घरौंदा’ हे तिचंच वसतिगृह. नसीमाताईंचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचलं की उंबरठा, जिना, संडासाचं दार सगळं नव्यानं मोजावंसं वाटतं. बागही मोजावी लागते. आपल्याकडं बागकाम म्हणजे वाकणं, उकिडवं बसणं. ते ज्याला जमत नाही त्याच्यासाठी माती वर यायला हवी: खुर्चीतून हात पोचेल असा उचललेला वाफा, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा, दोन खुर्च्या शेजारून जातील अशी खडबडीत वाट. गुळगुळीत फरशी नको, पहिल्याच पावसात शेवाळते. गुलाबही वाटेपासून लांब बरा. कमरेखाली संवेदना नसेल तर काटा लागल्याचं कळत नाही, जखम चिघळल्यावर कळतं.

अशा उचललेल्या वाफ्याचा दोष एकच, तो लवकर सुकतो. उन्हाळ्यात रोज पाणी मागतो. वर उसाचं पाचट अंथरलं तरी मागतोच. मला हा दोष फार आवडतो. १९०१ च्या मराठा बोर्डिंग या वसतिगृहापासून हे शहर परक्या पोरांना छप्पर द्यायला सरावलंय. पण छपराखालच्या माणसाला दिवसभर घ्यावंच लागतं: औषध घे, जेवून घे, मदत घे. वाफ्यापाशी मात्र कुणीतरी त्याची वाट बघत असतं. बोटं नीट वळत नाहीत म्हणून मनगटाला खुरपं बांधलेलं, मांडीवर पाण्याचा तांब्या, निम्मं पाणी मेथीला आणि निम्मं पँटीवर. त्यात कुणी ‘द्या हो इकडं, मी घालतो’ म्हणत आला, तर त्याला खुशाल हाकलावं.

सामाईक बाग म्हटल्यावर भांडणंही आली. पहिलं वांगं कुणाचं, सुट्टीत गावी गेलेल्याच्या वाफ्याला पाणी कुणी घालायचं. मोगरा लावायचा की मिरची, यावर बैठक रंगणारच. निकाल सांगायला नको, कोल्हापूर आहे. मोगरेवाल्यांनी निदान एक कोपरा आधीच लिहून घ्यावा.