फ्यूज उजेडात धरून

आषाढातल्या एका रात्री आमच्या गल्लीतल्या खांबावर माडाची झावळ पडली, तेव्हा घरातले दिवे गेले नाहीत, उलट वाढले. स्वयंपाकघरातला जुना शंभराचा बल्ब लग्नघरातल्यासारखा झगझगायला लागला, पंखा घोंघावू लागला. रत्नागिरीत एका इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. काय झालंय ते लगेच कळलं, म्हणून ह्यांना ओरडून मेन स्विच पाडायला सांगितलं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स गेला आणि मागच्या पडवीत चादरी धुणारं वॉशिंग मशीन मधेच गप्प झालं.

न्यूट्रल तुटला होता. तीन फेजच्या लाइनीवर घरं वाटून दिलेली असतात, पण परतीची वाट सगळ्यांची एकच. ती तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या साखळीत अडकतात आणि २३० व्होल्टच्या जागी ४०० ची वाटणी सुरू होते. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. समोरच्या वहिनींकडे गीझर चालू होता, त्यांचे दिवे मिणमिणले. आम्ही काटकसरी, म्हणून आमची यंत्रं गेली.

वायरमनने भर पावसात साडेअकराला तार जोडली. मशीन दुरुस्त करणारा मुलगा मात्र तिसऱ्या दिवशी आला. प्लग लावला, बटण दाबलं, एकही दिवा लागेना. ‘बोर्ड गेलाय, काकू. सहा हजार दोनशे, लेबर वेगळं.’ मीटर त्यानं पिशवीतून काढलाच नाही. त्याला तरी काय बोलणार! दिवसाला आठ-दहा घरं करायची, त्यात कुणाचा बोर्ड उलगडत बसेल? ‘विचारून सांगते,’ म्हटलं आणि चहा देऊन त्याला वाटेला लावलं.

तो गेल्यावर प्लग काढून ठेवला आणि वरचं पॅनेल उघडलं. बोर्डावर ओल आणि झुरळं पोचू नयेत म्हणून पारदर्शक जेल ओतलेलं असतं, बोटानं दाबलं तर खरवसासारखं थुलथुलतं. त्यात फ्यूज अर्धा बुडालेला. मी आधी मोठ्या कपॅसिटरवर मीटर धरला. तिथं ३२५ व्होल्टच्या आसपास साठवण असते आणि प्लग काढल्यावरही ती राहू शकते. प्रयोगशाळेत एकदा तिचा झटका खाल्ला आहे, त्या हाताची बोटं संध्याकाळपर्यंत झिणझिणत होती. मीटरवर शून्याजवळ आकडा आल्यावरच ब्लेड हातात घेतलं.

फ्यूज काढून खिडकीशी धरला. आतल्या तारेला एके ठिकाणी नुसती चीर असती तर समजले असते की बिचारा म्हातारा झाला किंवा ओझ्यानं थकला. याची काच आतून काळीभोर, वर चंदेरी मुलामा. म्हणजे तार वितळली नव्हती, उडाली होती. पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट होता. फ्यूजच्या शेजारीच नाण्यासारखी छोटी निळी चकती होती, ती मधोमध तडकलेली. तिच्यावर १०डी४७१ असं छापलेलं. हिचं काम पहारेकऱ्याचं. २३० व्होल्टचं शिखर ३२५ पर्यंत जातं, तोवर ही स्वस्थ बसते. ४७० च्या पुढे गेलं की करंट स्वतःच्या अंगावर घेते. त्या रात्री ४०० च्या जवळ, म्हणजे शिखराला साडेपाचशेच्या वर गेलं असणार. चकती शॉर्ट झाली, तिनं फ्यूजला नेलं आणि मागचा सगळा बोर्ड वाचला.

चकती नि फ्यूज दोन्ही मिळून चाळीस रुपयांच्या आत आले. फ्यूजवर ‘टी १० ए’ होतं. यातला टी म्हणजे उशिरानं जाणारा. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट खेचते, तेवढं सोसणारा. दुकानदार ‘कुठलाही चालतो’ म्हणत होता. मी त्याला तीन खोके उघडायला लावले. चकती काढून टाकली तरी मशीन चालतं आणि पुष्कळ जण तसंच चालवतात, पण मग पुढच्या झावळीला मधे कोणी नसतं.

प्लग थेट न लावता आधी शंभराच्या बल्बमधून लाइन दिली. शॉर्ट राहिला असता तर बल्ब पूर्ण पेटला असता. तो क्षणभर लकाकला आणि मंदावला. मशीन ‘टिंग’ वाजलं. ‘तू निवृत्त झालीस हे त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं,’ हे म्हणाले. मी चार दिवस गल्लीत सहा हजार वाचल्याचं सांगत फिरले. इथपर्यंतची गोष्ट छान आहे.

भाद्रपदात, गणपतीला तीन दिवस असताना, मुंबईहून दीर-जाऊबाई यायचे होते, चादरींचा ढीग होता, आणि मशीन पुन्हा मेलं. मी पॅनेल उघडलं, फ्यूज पुन्हा काळा. चकती धडधाकट. इथेच थांबायला हवं होतं. पण हात शेफारलेले. नवा फ्यूज टाकला, बल्ब लावला, बल्ब मंद. म्हटलं, झालं. मशीननं पाणी घेतलं, धुतलं, खळबळलं, आणि पिळायला लागल्यावर ‘टप्प’. पुढचा फ्यूज घालून पाहते तर स्टार्ट न दाबताच मोटर एकाच दिशेनं फिरायला लागली. मोटर चालवणारा ट्रायॅक आरपार शॉर्ट. आता बोर्ड खरोखर गेला होता, आणि तो मी घालवला होता.

तोच मुलगा आला. मी सगळं सांगितलं, अगदी बल्बसकट. त्यानं एकच प्रश्न विचारला, ‘पिळतानाच जातो ना, काकू? खाली बघितलंत?’ मशीन भिंतीला टेकवून तिरपं केलं आणि टॉर्च धरला. वरून कपडे भरायच्या या मशीनचा तळ उघडाच असतो. आत ह्यांच्या बनियनच्या चिंध्यांचं उंदराचं घरटं होतं आणि मोटरच्या दोन वायरी कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. मशीन स्थिर असताना त्या लांब राहायच्या, पिळताना ड्रम हादरला की चिकटायच्या. बल्बला त्या कशा दिसणार? याही वेळी त्यानं मीटर काढला नाही आणि याही वेळी मला राग आला नाही.

फ्यूज कसा गेला ते मी काच बघून सांगू शकत होते. कधी गेला, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं. वायरी न बघता नुसता नवा बोर्ड बसवला असता तर तोही पहिल्याच पिळणीला गेला असता.

वायरी नव्या टाकल्या, मोटरच्या दोन्ही वेढ्यांचा रोध सारखा आहे का तेवढं मी मापून घेतलं. मग सहा हजार दोनशेचा बोर्ड आणि दीडशेची जाळी. लेबर त्यानं घेतलं नाही, मोदक घेतले. तुमच्याकडे वरून भरायचं मशीन असेल तर प्लग काढा, कुणाला तरी हाताशी घ्या, एकदा ते तिरपं करून तळाला जाळी आहे का बघा, आणि नसेल तर आजच बसवून घ्या.