शून्य आणि अर्धा



आज माझीच एक चूक सांगतो. कळंबला बारावीच्या वर्गावर व्हीटस्टन सेतू शिकवत होतो. फळ्यावर आकृती काढली. अ आणि ब या टोकांना १२ व्होल्टची बॅटरी. वरच्या वाटेत अ-क ४ ओहम, क-ब ८ ओहम. खालच्या वाटेत अ-ड २ ओहम, ड-ब ४ ओहम. क आणि ड यांच्या मधे ४ ओहमचा रोध. प्रश्न विचारला, या मधल्या रोधातून किती धारा वाहील?

उत्तर शून्य. कारण ४ ला ८ तसे २ ला ४, म्हणून क आणि ड दोन्हीकडे विभव सारखाच. मधला रोध काढून टाका, वर १२, खाली ६, समांतर जोडणीचा परिणामी रोध ४ ओहम. बॅटरीतून ३ अँपिअर. दोन मिनिटांत गणित खलास! मुलांनाही असं पटकन सुटणारं गणित आवडतं आणि खरं सांगू का, आपल्यालाही.

वह्या तपासताना एकाचं उत्तर ०.५ अँपिअर दिसलं. लांबलचक दीड पान समीकरणं. मी शेवटची ओळ बघून फुली मारली. दुसऱ्या दिवशी तो पोरगा वही घेऊन आला. "सर, माझं बरोबर हाय. आकृती बघा की." बघितली. उतरवून घेताना त्यानं खालचे दोन रोध उलटे लिहिले होते, अ-ड ४ आणि ड-ब २. त्या आकृतीला किर्चॉफचे नियम लावून त्याने काढलेलं उत्तर अगदी बरोबर होतं. उतरवण्यात चूक त्याची, पण न वाचता फुली मारण्यात माझी. वर्गासमोर फुली खोडली.

मग त्याला म्हटलं, दीड पान कशाला? मधला रोध बाजूला काढून ठेव. आता क चा विभव ८ व्होल्ट, ड चा ४ व्होल्ट. फरक ४. आता बॅटरीच्या जागी साधी तार आहे असं समज आणि क-ड मधून आत डोकावून बघ. ४ आणि ८ समांतर, म्हणजे ८/३. ४ आणि २ समांतर, म्हणजे ४/३. ही दोन एकसर, बेरीज ४ ओहम. म्हणजे मधल्या रोधाच्या दृष्टीने ही सगळी जाळी म्हणजे ४ व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्याशी एकसर ४ ओहमचा एक रोध. आता ठेव त्याचा रोध परत. एकूण ८ ओहम, ४ भागिले ८, अर्धा अँपिअर. थेवेनिन नावाच्या फ्रेंच तारखात्यातल्या अभियंत्याने १८८३ साली ही युक्ती मांडली. त्याच्या आधी तीस वर्षं हेल्महोल्ट्झनेही ती सांगितली होती, पण नाव थेवेनिनचं लागलं. (सेतूचंही तेच. क्रिस्टीने १८३३ मधे काढला, नाव व्हीटस्टनचं.)

पोरगा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, मग आमच्या विहिरीवरून बघितलं तर डीपीसकट सगळी लाईन म्हणजे एक बॅटरी अन् एक रोधच की?"

मी खडू खाली ठेवला. या पोराच्या घरची मोटर त्या वर्षात दोनदा जळली होती. सोयाबीनचे पैसे रिवाइंडिंगमधेच चाललेले, आणि वडील "शिक्षण पुरे, शेतावर ये" म्हणायला लागले होते.

त्याला बजावलं, तू स्वतः हात लावायचा नाही, मेकॅनिककडून मोजून घे. आकडे आले. मोटर बंद असताना २३० व्होल्ट. चालू केली की १७०, धारा १२ अँपिअर. साठ व्होल्ट वाटेतच गडप. ६० भागिले १२, पाच ओहम! एसी मोटरीला हा हिशोब तंतोतंत लागू होत नाही, हे त्याला सांगितलं, पण अंदाजाला पुरे. १२ चा वर्ग गुणिले ५, म्हणजे ७२० वॅट. घरची इस्त्री रानात दिवसभर चालू ठेवल्यासारखं. शिवाय व्होल्टेज पडलं की भाराखालची मोटर जास्त धारा ओढते, तापते, आणि वाइंडिंग जातं.

वडील शाळेत आले. म्हणाले, "मास्तर, वायर नवी घ्यायला आता पैसा नाही." पोरगाच बोलला, "आप्पा, आधी जोड बघू." डीपीपासून विहिरीपर्यंत तारेला सात जोड होते, नुसतं पीळ मारून टेप गुंडाळलेले. काही काळे पडलेले. मेकॅनिकने लाईन बंद करून ते सगळे घासून, नीट दाबून नव्याने केले.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या आधीच तो दारात उभा. हातात चिठ्ठी. बंद २३०, चालू १९७, धारा ११.

"तीन ओहम, सर."


मागे आप्पा मोटरसायकलवर बसून होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्याचं दप्तर त्याच्या हातात दिलं.