पतंगांची सोयरीक

लग्न ठरवताना आमच्या जालना भागात अजूनही देवक विचारले जाते. दोन्ही घरांचे देवक एकच निघाले, की जुळत आलेली सोयरीकही मोडते. कपाशीच्या शेंदरी बोंडअळीच्या घरीही असेच देवक पाहावे लागते आणि मध्यस्थी शेतकऱ्याने करायची असते, असे म्हटले तर वाचक हसतील. पण गोष्ट खरी आहे.

ही अळी दिसायला गोजिरवाणी, करणीने मात्र वैरीण. तिचा करडा, इवलासा पतंग रात्री कपाशीवर अंडी घालतो. अळी फुलाच्या पाकळ्या आतून शिवून टाकते. अशा न उमललेल्या फुलाला आपण डोमकळी म्हणतो. एकदा बोंडात शिरली, की बाहेरून काही कळत नाही. वेचणीला हाती येते ती कवडी.

जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली. २००२ साली देशात प्रथम बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ती याच कंपनीच्या वाणांना. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक त्या झाडात होते. बोंड खाणारी अळी मरून जाई.

पण लाखो अळ्या काही एका साच्याच्या नसतात. त्यांतली एखादी विष पचवते. हा गुण बहुधा आईबाप दोघांकडून आला तरच पुरता उतरतो. म्हणून शास्त्रज्ञांनी सांगितले, की बीटीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांत जे जास्त असेल तेवढे लावा. तिथे साधे पतंग वाढतील, वाचलेल्या पतंगाची सोयरीक त्यांच्याशी होईल आणि त्यांची पोरे बीटीवर मरतील. त्यासाठी पाकिटासोबत १२० ग्रॅमची निराळी पुडी मिळे.

ती पुडी पाहून माझे मामा म्हणाले होते, "दोन एकरांत अळीला वाटा काढून द्यायचा, मग लेकरांना काय द्यायचं?"

एका घरापुरता मामांचा हिशेब चोख होता. पण पतंगाला बांध कळत नाही, आणि घरोघरी हाच हिशेब झाला. २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली. २०१० साली गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी सापडल्याचे जाहीर झाले. २०१७ साली तर विदर्भ-मराठवाड्यात तिने दोन्ही जनुकांना दाद दिली नाही. त्या वर्षी मामांनी दहा बोंडे माझ्यासमोर फोडली. सातांत अळी निघाली. दिवाळीनंतर व्हायचे धाकटीचे लग्न वर्षभर पुढे गेले.

हीच अळी अमेरिकेच्या कपाशीतून नाहीशी झाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. तिथे आधी साधी कपाशी राखली, पुढे वंध्य केलेले असंख्य पतंग सोडले. शेकडो एकरांच्या धन्याला पाचवा हिस्सा जड जात नाही, हेही खरेच.

आता मामा कामगंध सापळे टांगतात, फरदड घेत नाहीत. पऱ्हाटी उपटायची वेळ आली, की स्वतःच्या शेतात उतरण्याआधी शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसतात. चहा होतो, इकडचे तिकडचे बोलणे होते आणि मग दोघे मिळून तिसऱ्याकडे जातात.