उत्तर ठाऊक असूनही

चित्रांच्या गोष्टी म्हटल्या की आमच्या पिढीला ‘चांदोबा’तील, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आठवतो. तो गोष्ट सांगे, शेवटी न्याय-अन्यायाचा अवघड प्रश्न टाकी आणि उत्तर ठाऊक असूनही मौन धरलेस तर तुझ्या डोक्याची शकले होतील, असे बजावी. गेल्या मे महिन्यात आमच्या तेरा वर्षांच्या नातीने सिल्वासाच्या घरी असाच एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला. “आजोबा, होमुरा चांगली की वाईट?”

होमुरा अकेमी ही एका जपानी चित्रकथेतली शाळकरी मुलगी. नाशिकहून सुट्टीला येताना नातीने त्या कथेची इंग्रजी भाषांतरातली पुस्तके आणली होती. दुपारच्या दमट उकाड्यात झोप येईना म्हणून आम्ही ती हाती घेतली. ही पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, हेही तिनेच शिकवले.

जादू अवगत असलेल्या मुलींच्या कथा जपानला नव्या नाहीत. फुजिओ आकात्सुका यांच्या १९६२ साली सुरू झालेल्या कथेतली आक्को आरशाच्या जादूने हवे ते रूप घेई. १९९१ च्या अखेरीस नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ अवतरली आणि अशा मुली संघ बांधून दुष्टांशी लढू लागल्या. या कथांत चांगले-वाईट ओळखणे फारसे कठीण नव्हते. २०११ साली गेन उरोबुची यांनी लिहिलेली ‘मादोका मागिका’ ही दूरचित्रवाणी मालिका आली. त्याच वर्षी हानोकागे यांनी ती तीन भागांच्या चित्रकथेत उतरवली. जादूची किंमत कोण मोजते, हा प्रश्न या कथेने विचारला.

कथेत क्यूबे नावाचा मांजरासारखा पांढरा प्राणी आहे. तो मुलींशी करार करतो : तुमची एक इच्छा पुरी करीन, बदल्यात तुम्ही चेटकिणींशी लढायचे. मुलींना पुढे कळते ते असे, की करार होताच त्यांचा जीव देहातून काढून एका रत्नात ठेवलेला असतो, आणि निराशेने ते रत्न पुरते काळवंडले की लढणारी मुलगीच चेटकीण होते. क्यूबे खोटे बोललेला नसतो. कोणी विचारले नाही, म्हणून त्याने सांगितलेले नसते.

होमुरा मुळात हृदयविकाराने आजारी, दोन वेण्या आणि चष्मा घातलेली भित्री मुलगी. मादोका ही तिची एकुलती मैत्रीण, आणि तीच डोळ्यांदेखत मरते. होमुरा इच्छा मागते : ही भेट पुन्हा घडू दे, आणि या वेळी रक्षण करणारी मी असू दे. हातातली ढाल फिरवून ती काळ मागे नेते, इस्पितळाच्या खाटेवर जागी होते आणि तोच महिना पुन्हा जगते. मादोका पुन्हा मरते. असे किती महिने गेले, याची गणती राहत नाही. होमुराच्या वेण्या सुटतात, चष्मा जातो, आवाजातला ओलावा आटतो. ती शस्त्रे चोरते. इतर मुलींचे काय होईल, याची पर्वा सोडते. क्रूर थट्टा अशी, की प्रत्येक फेरीगणिक मादोकाभोवती दैवाचे धागे अधिक घट्ट गुंफले जातात आणि तिच्यावरचे संकट वाढते. रक्षणानेच धोका वाढत जातो.

शेवटी मादोका स्वतः निर्णय घेते. चेटकीण होण्याआधीच प्रत्येक मुलीला सोडवणारा नियम होऊन ती माणसांच्या जगातून नाहीशी होते. पुढची कथा २०१३ सालच्या चित्रपटात आणि त्यावरील चित्रकथेत आहे. तिथे स्मृती हरपलेली मादोका फुलांच्या माळावर बोलून जाते, की सर्वांपासून दूर राहणे मला सोसणार नाही. होमुरा ते वाक्य उचलते, तोच मादोकाचा खरा कौल मानते, तिला त्या नियमातून तोडून घरी, आईवडिलांपाशी आणते, आणि स्वतःला सैतान म्हणवून घेते.

“चांगली की वाईट?” नातीने पुन्हा विचारले. आम्ही गप्प होतो. एक तर आमच्या भागात असा शिक्का चटकन मारू नये, हे आम्ही शिकलो आहोत. दादरा-नगर हवेलीत आणि शेजारच्या डहाणू-जव्हारकडे मूल आजारी पडले, गुरे दगावली की एखाद्या बाईला ‘भुताळी’ ठरवल्याच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. काल शेजारी भात लावणारी बाई एका शब्दाने आज भुताळी होई. महाराष्ट्राने २०१३ च्या डिसेंबरात जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तेव्हा आम्हाला त्या बाया आठवल्या होत्या. मात्र तो शब्द दुसऱ्यांनी लादलेला असे. होमुराने आपले नाव आपणच घेतले, आणि आमच्या मौनाचे दुसरे कारण तेच होते.

२००६ साली आमच्या मुलीला, म्हणजे या नातीच्या आईला, मुंबईत चित्रकला शिकायची होती. प्रवेश मिळाला होता. त्याच जुलैच्या ११ तारखेला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. वापीहून मुंबईला जाणारी वाट तीच. त्या आठवड्यात जेवताना मुलगी म्हणाली, “घर सोडून मला राहवेल की नाही, कोण जाणे.” आम्ही ते वाक्य उचलले. फीचे पैसे जमत नाहीत, असे तिला सांगितले. पैसे बँकेत होते. सौ.ला हे ठाऊक होते. तीही बोलली नाही. मुलगी इथेच वाणिज्य शाखेला गेली, पुढे तिचे लग्न झाले, संसार नीट चालला आहे. तिने कधी तक्रार केली नाही. रंगांचा डबा मात्र सासरी नेला नाही. तो आमच्या माळ्यावर आहे.

भीतीच्या भरात उच्चारलेले वाक्य म्हणजे निर्णय नव्हे. मादोकाचेही नव्हते, आमच्या मुलीचेही नव्हते. प्रिय माणसाच्या मनातले त्याच्याहून आपल्याला अधिक कळते, असे मानणे हा होमुराचा अपराध. तिचे प्रेम खरे आहे, म्हणून तो लहान होत नाही. पण तिने त्याला नाव दिले. पुढे मादोका आपली वैरीण होऊ शकेल, हे ओळखूनही ती तिची लाल फीत तिच्याच केसांत परत बांधते. आम्ही मात्र आमच्या कृत्याला एकोणीस-वीस वर्षे ‘काळजी’ म्हणत आलो.

नातीला आम्ही एवढेच म्हणालो, “होमुराने मादोकाला विचारायला हवे होते.” ती म्हणाली, “विचारलं असतं तर मादोका नाही म्हणाली असती ना!” म्हणूनच विचारले नाही, हे तिला न सांगता कळले होते.

सुट्टी संपली, नात गेली. हा अंक छापून आला की त्याची एक प्रत आम्ही नाशिकला मुलीच्या नावे पाठवणार आहोत, आणि सोबत रंगांचा डबा. रंग वाळून गेले असतील. तिने काय म्हणावे, हे या वेळी आम्ही ठरवणार नाही.